रुपीबाईच्या ढावलोतली शिट्टी

रुपीबाईच्या ढावलोत शेवटी एक शिट्टी यायची. दिग्रसजवळच्या त्या तांड्यात बारा वर्षं लग्नं झाली, मुली गेल्या, आणि प्रत्येक मुलीच्या कानात ती शिट्टी तिच्याबरोबर गेली.

लग्न लागून तांडा सोडताना नवरी एकेका बाईच्या गळ्यात पडते आणि गाऊन रडते, त्याला ढावलो म्हणतात. त्याला चाल असते, शब्द असतात. नवरी म्हणते, समोरची बाई उत्तर देते. दोघींवर एकच ओढणी असते, त्यामुळे आत कोण रडतंय आणि कोण नुसतं म्हणतंय हे बाहेर कळत नाही. मुलींना ते लग्नाच्या आधी महिनाभर बसवून शिकवावं लागतं. या तांड्यात शिकवायची ती रुपीबाई.

तिची एक ओळ सगळ्यांना पाठ होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतले शब्द मराठीत सांगायचे तर असे: ज्या घरचं पाणी भरलं, त्या घरची मी पाहुणी झाले, याडी, पाणी दे. याडी म्हणजे आई. ओळ नवरीही म्हणायची आणि तिला उत्तर देताना रुपीबाईही; ती लांब होती आणि एका श्वासात म्हणायची होती. बारा वर्षांपूर्वी एका लग्नात रुपीबाईचा श्वास ‘याडी’पाशीच संपला. पुढचे दोन शब्द आत राहिले. त्यांच्या जागी छातीतून एक बारीक, दुहेरी आवाज आला, बंद दाराच्या फटीतून वारा यावा तसा. ऐकणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

“कशी रडते वो रुपीबाई,” भुरीबाई म्हणाली होती. “काळीज चिरते.”

रुपीबाई रडत नव्हती. नवरा गेला तेव्हाही ती रडली नव्हती, आणि ते लोकांच्या लक्षात राहिलं होतं. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये तिने अकरा हंगाम काढले होते. सरकी काढणाऱ्या रेच्यात कापूस सोडायचा, सरकी खाली पडायची, रुई पुढे जायची, आणि उरलेलं सगळं हवेत राहायचं. संध्याकाळी बायका बाहेर यायच्या तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. पापण्या धुता येत. काम सुटलं, तंतू गेले, दम राहिला.

पुढच्या लग्नात नवरीनेही ओळीच्या शेवटी ओठ आवळून तसा आवाज काढला. त्याच्या पुढच्या लग्नात तिघींनी काढला. आता एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना वाटतं की शिट्टी ढावलोत पहिल्यापासून आहे. ‘पाणी दे’ हे शब्द त्यांच्यातल्या कोणाला माहीत नाहीत. एका बाईच्या छातीतला दोष तांड्याची चाल होऊन बसला, आणि रुपीबाईने कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. काही वाटण्याचं तिचं प्रमाण आधीपासूनच कमी होतं.

संगीता ही तिच्या मुलाची, सुनीलची मुलगी. यवतमाळला नर्सिंग शिकायची. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा रुपीबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर उचललेले. संगीताने मागे बसून तिच्या पाठीला कान लावला.

“काय करून राह्यली वं?”

“चूप बस दादी. श्वास घे.”

बराच वेळ तिने कान काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिने दादीला एसटीत बसवून दिग्रसला नेलं.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला सावकाश. तिने रुपीबाईच्या हातात प्लास्टिकची एक नळी दिली. नळीवर आकडे होते आणि आकड्यांवरून सरकणारा लाल काटा.

“छाती भरून घ्या, आणि एकदम जोरात फुंका.”

रुपीबाईने फुंकलं. काटा थोडा सरकून थांबला. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा तिथेच.

“श्वास घेता येत नाही, असं म्हणता ना आजी?”

“होय.”

“घेता येतो तुम्हाला. सोडता येत नाही.”

रुपीबाईने नळी टेबलावर ठेवली.

डॉक्टरिणीने कागदावर एक झाड उलटं काढलं. खोड वर, फांद्या खाली. “छातीतल्या नळ्या अशा असतात. खाली खाली बारीक होत जातात. तुमच्या नळ्या आतून सुजल्यात. आत चिकट कफ आहे. आणि नळीच्या भोवती जे स्नायू असतात ते धूळ-धूर लागला की आवळतात. श्वास घेताना छाती फुगते, तेव्हा नळ्या जरा उघडतात, हवा आत जाते. सोडताना त्या मिटतात. मग जुनी हवा आतच राहते आणि तिच्यावर तुम्ही नवी घेता.”

रुपीबाईच्या कमरेला भरतकामाची एक छोटी कोथळी होती, सुपारीची, नाडीने बंद होणारी. तिने ती पुढे धरली आणि नाडी ओढली. कोथळीचं तोंड मिटलं.

“असं?”

“बरोबर असंच,” डॉक्टरीण म्हणाली.

तिने दोन पंप दिले. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. दुसरा निळा, अडचणीचा. निळ्याने आवळलेलं सुटतं; सूज उतरवतो तो रोजचा, म्हणून बरं वाटलं तरी तो बंद करायचा नाही. आणि मग ती म्हणाली, “अजून एक. शिट्टी वाजते म्हणजे हवा निदान ये-जा करतेय. पण दम लागलेला असताना शिट्टी एकदम थांबली, तर बरं वाटलं असं समजू नका. हवाच हलत नाही, म्हणून आवाज नाही. तेव्हा वेळ घालवायचा नाही.”

संगीताने मान हलवली. रुपीबाई कोथळीची नाडी सोडवत होती.

तांड्यात भुरीबाई वाट पाहत होती. ती रुपीबाईच्याच वयाची, शेजारच्या घरची, आणि चाळीस वर्षं तिच्यावर लक्ष ठेवून असलेली.

“काय देल्लं डॉक्टरनं?”

“पंप.”

“पंप? पऱ्हाटीवर फवारा मारतेत थो?”

“थो पाठीवर असते माय. हा तोंडात मारा लागते.”

“मंग तुह्या छातीत बोंडअळी झाली म्हन की!” भुरीबाई स्वतःच हसली, हसता हसता खोकली, आणि म्हणाली, “मले पाहू दे बरं.”

पंपाने काम केलं. महिना-दीड महिन्यात रुपीबाई विहिरीची चढण न थांबता चढली. आडवी होऊन झोपू लागली. याचा तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. काहीतरी नव्हतं, एवढंच तिच्या लक्षात आलं, जसं जिनिंग रविवारी बंद असलं की कानांना कळायचं.

फेब्रुवारीत तांड्यातल्या देवसिंगच्या मुलीचं लग्न झालं. मुलगी रुपीबाईच्या गळ्यात पडली. रुपीबाईने ओळ म्हटली. ‘याडी’पर्यंत आली आणि सवयीने थांबली. शिट्टी आली नाही. ओढणीखाली मुलगी वाट पाहत होती. मग तिने डोकं उचलून रुपीबाईच्या तोंडाकडे पाहिलं. भोवतीच्या बायकाही वाट पाहत होत्या. एकीने आधीच डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला.

“आज रुपीबाईचं मन नव्हतं,” भुरीबाई घरी जाताना म्हणाली. “सपाट झालं वो. शाळेतल्या प्रार्थनेवानी.”



संगीताचं लग्न मे महिन्यात ठरलं. मुलगा फुलसावंगीकडच्या तांड्यातला, नाव प्रेम. एप्रिलमध्ये परीक्षा देऊन संगीता आठ दिवस घरी आली आणि ढावलो शिकायला दादीसमोर बसली.

“मले रडू येऊन नाही राह्यलं दादी. मी तं खुशीनं चालली.”

“रडाचं नसते. म्हनाचं असते.”

संगीताने म्हटलं. आवाज चांगला होता, चाल पक्की होती. ओळीच्या शेवटी ती नीट, कोरडी थांबली.

“इथं शिट्टी,” बाजूला बसलेली भुरीबाई म्हणाली.

“थे शिट्टी ढावलो नोहे, भुरीदादी. थे बिमारी हाय.”

“तुह्या दादीनं आनली थे. तांड्यातल्या साऱ्या पोरी त्याच्यावरच गेल्या.”

“आता दादीची छाती मोकळी झाली. आता कायले पाह्यजे?”

भुरीबाईने रुपीबाईकडे पाहिलं. “मंग तुले सपाटच भेटन,” ती संगीताला म्हणाली. “देवसिंगच्या पोरीले भेटलं तसं.”

संगीता उरलेल्या ड्युट्या करायला यवतमाळला परत गेली. त्याच संध्याकाळी रुपीबाईने रोजचा पंप हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि न घेता फडताळात ठेवून दिला. लग्नाला वीस दिवस होते. तिने याचा फार विचार केला नाही. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना जे दिलं ते घरच्या मुलीला द्यायचं नाही, एवढं तिला पटत नव्हतं. निळा पंप तिने सुपारीबरोबर कोथळीत टाकला आणि नाडी ओढली.

संगीता रोज फोन करायची.

“पंप घेतला?”

“घेतला.”

ते खोटं नव्हतं. ती तो रोज हातात घ्यायची आणि परत ठेवायची.

आठव्या दिवशी पहाटे खोकला आला. बाराव्या दिवशी भुरीबाई हळद कांडायला आली आणि मुसळ हातात धरून तशीच थांबली. “आली वो,” ती म्हणाली. “आली तुही शिट्टी.” तिचे डोळे भरले होते.

संगीता लग्नाच्या आदल्या रात्रीच आली, आणि हळदीच्या बायकांनी तिला दादीजवळ बसू दिलं नाही. लग्नाच्या दिवशी ऊन फार होतं. मांडवासमोर ट्रॅक्टर येत-जात होते, धूळ खाली बसत नव्हती. वरातीने फटाक्यांची माळ लावली आणि धूर मांडवात शिरला. रुपीबाई सकाळपासून ओट्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती. ती बोलायची ते तीन शब्द, मग थांबायची. दुपारी दोन शब्द झाले.

“याडी, तोंड असं काऊन झालं?” सुनीलने विचारलं.

“पोरगी चालली.”

त्याने मान हलवली. लग्नाच्या घरात हे उत्तर पुरतं. पुढे कोणी विचारलं नाही.

चार वाजता पाठवणी निघाली. तांड्याचा प्रमुख हरिसिंग नाईक, त्याचा बैल झूल घालून मांडवाबाहेर उभा केला होता. सगळ्यांशी ढावलो झाल्यावर नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहते, दोन्ही हात वर करून बापाच्या घराला आशीर्वाद देते. त्याला हवेली म्हणणं म्हणतात. बैल शांत होता, माशा वारत होता.

संगीता आईच्या गळ्यात पडली, मग काक्यांच्या. शेवटी रुपीबाई. ओढणी दोघींवर आली. ओढणीला आरशाचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्यात रुपीबाईला एक लहान चेहरा दिसत होता, ओठ जांभळे पडलेला. तो आपला आहे हे तिला कळलं. त्याबद्दल काही वाटायला वेळ नव्हता.

तिने ओळ सुरू केली. ‘पाणी भरलं’पाशी श्वास तुटला. शिट्टी आली, पूर्वीपेक्षा मोठी, दोन-तीन सुरांची. बाहेर बायकांनी हंबरडा फोडला. भुरीबाई छाती बडवू लागली. फोन वर उचलले गेले.

तिने श्वास घेतला. तो आत गेला आणि तिथेच राहिला. त्याच्यावर तिने दुसरा घेतला. कोथळी भरलेली होती, नाडी ओढलेली होती, आणि ती आत कोंबतच होती. बरगड्या बाहेर आल्या होत्या, त्यांना खाली बसता येईना. तिने ओळ परत धरली. आता एकेक शब्द सुटा येत होता, मध्ये शिट्टी. मग शिट्टी बारीक झाली. मग आणखी बारीक. रुपीबाईची बोटं संगीताच्या खांद्यात रुतली.

मग काहीच ऐकू येईना.

बायकांना वाटलं, ढावलो संपला. त्यांनी डोळे पुसले. “असा पुन्हा होनार नाही बापा,” भुरीबाई म्हणाली. रिवाजाप्रमाणे दोघीजणी पुढे झाल्या आणि संगीताला सोडवून बैलाकडे न्यायला तिचे दंड धरले.

संगीताने दंड झटकले. तिचा कान दादीच्या गळ्याशी होता. तिने ओढणी ओढून फेकली.

“पंप कुठी हाय? दादी! निळा पंप कुठी हाय?”

रुपीबाईचा हात कमरेकडे गेला. नाडीला गाठ बसली होती. संगीताने ती दातांनी तोडली. सुपाऱ्या मांडवात घरंगळल्या.

“पाण्याची बाटली द्या कोनीतरी! बसवा तिले, झोपवू नका, समोर वाकवून बसवा! प्रेम, थे कट्यार द्या.”

नवऱ्याच्या हातात लग्नाची कट्यार होती. सगळ्या तांड्यासमोर संगीता त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ते हे. कट्यारीला धार नव्हती, टोक होतं. त्याने स्वतःच बाटलीचं पाणी ओतून दिलं आणि बुडाला भोक पाडलं. संगीताने पंपाचं तोंड त्या भोकात बसवलं आणि बाटलीचं तोंड दादीच्या ओठांत धरलं. एक दाब. औषध बाटलीत थांबलं, म्हणजे ते बारीक श्वासातूनही आत जाणार होतं.

“घे. आता सोड. सोड दादी. एक, दी, तीन, चार.”

चार श्वास, मग दुसरा दाब, परत चार. रुपीबाईचे श्वास नावापुरते होते. संगीता गोरबोलीत मोजत राहिली, त्याच आवाजात, घाईशिवाय.  सातव्या दाबानंतर रुपीबाईच्या छातीत कुठेतरी एक बारीक शिट्टी सुरू झाली.

“अजून म्हनते वो!” भुरीबाई रडत ओरडली.

ती शिट्टी ऐकून संगीताही रडली. तिच्या रडण्याला चाल नव्हती. मोजणं तिने थांबवलं नाही.

वरातीच्याच जीपमधून रुपीबाईला दिग्रसच्या दवाखान्यात नेलं. पुढे नवरा, मागे नवरी आणि दादी. बैल संध्याकाळपर्यंत झूल घालून उभा होता, मग कोणीतरी त्याला सोडला.

ऑक्सिजनची नळी नाकात असताना दुसऱ्या दिवशी रुपीबाई पूर्ण वाक्य बोलली.

“हवेली राह्यली तुही.”

“राहू दे.” संगीता खाटेच्या कडेवर बसली होती, हातावरची हळद अजून गेली नव्हती. “तू तं फोनवर पंप घेतला म्हनत होती.”

“घेतला होता ना. हातात.”

संगीताने तिची उशी सरळ केली. “आता तोंडात घे,” ती म्हणाली. दवाखान्यातूनच ती फुलसावंगीला गेली.

जूनच्या सुरुवातीला हरिसिंग नाईकाच्या नातीचं लग्न होतं. तोवर संगीताच्या लग्नाचा व्हिडिओ आजूबाजूच्या तांड्यांत फिरून आला होता. त्या दिवशी दुपारी रुपीबाईने रोजचा पंप घेतला, चूळ भरली, थुंकली, आणि ओट्यावर बसली. मांडवातून नवरीचा ढावलो ऐकू येत होता. ओळीच्या शेवटी मुलीने शिट्टी काढली. मग थोडा वेळ मुद्दाम गप्प राहिली. आणि मग काकीच्या गळ्याशी हळू आवाजात, चालीत म्हणाली: एक, दी, तीन, चार. बायका रडल्या.

“आयकलं का?” भुरीबाई ओट्यापाशी आली. “तुह्या नातीचंबी घेतलं त्यायनं. चाल, तुले बोलावून राह्यले.”

“माही शिट्टी गेली.”

“गेली तं गेली. उठ.”

रुपीबाई गेली. मुलगी गळ्यात पडली, ओढणी आली. रुपीबाईने ओळ धरली. ज्या घरचं पाणी भरलं. आवाज जाड आणि साधा होता. त्या घरची मी पाहुणी झाले, याडी. इथे ती थांबली. मुलगीही थांबली, शिट्टीची वाट पाहत.

छातीत श्वास उरला होता. त्याचं काय करायचं ते रुपीबाईला क्षणभर कळलं नाही. मग तिने तो सोडला, आणि त्याच्याबरोबर ते दोन शब्द बाहेर आले, बारा वर्षं आत राहिलेले.

“पाणी दे.”

भुरीबाईने चटकन मान वर केली. तिचे ओठ हलले. तिला ते शब्द आठवत होते. बाकीच्या एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारीचं मागच्या वेळी काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एक मुलगी धावत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. तिने तो ओढणीखाली आत धरला.

रुपीबाईने पेला घेतला. पाणी थंड होतं. ती सगळं प्यायली.